आर्वोचा फुकटचा विमा

दर ऑक्टोबरात आमच्या पतपेढीच्या सभासदांना एक पिवळं पाकीट यायचं. आत एक कार्ड असायचं. सभासद असल्याबद्दल तुम्हाला दोन हजार डॉलरचा अपघाती मृत्यूचा विमा अगदी मोफत, फक्त वारसाचं नाव लिहा आणि सही करून पाठवा. पाकीट आलं की दोन दिवसांत निम्मं गाव ते हातात घेऊन माझ्या खिडकीशी उभं. बावीस वर्षं मी त्या खिडकीमागे बसले आणि बावीस वर्षं एकच उत्तर दिलं.

"ताइमी, हे घ्यावं का गं?"

"वर सही करायची असेल तर कर. खालच्या चौकटीत खूण केलीस तर मग माझ्याकडे रडत येऊ नकोस."

खरी गोम त्या खालच्या चौकटीत होती. तिथं खूण केली की दोन हजारांचे पन्नास हजार व्हायचे आणि दर महिन्याला तुमच्या खात्यातून पैसे गुपचूप निघायला लागायचे. आणि वरचं तरी कसलं फुकट? कार्डावर फोन नंबर लिहावा लागे. तो लिहिला की महिन्याभरात कंपनीचा माणूस बॅग घेऊन दारात. शिवाय अपघातानं मेलात तरच पैसे. आमच्या गावात माणसं मरतात ती तांब्याच्या खाणीतल्या धुळीनं, साखरेनं, नाहीतर नुसत्या म्हातारपणानं. फुकट देणाऱ्याचा मला लहानपणापासून राग आहे, तो का देतोय ते सांगत नाही म्हणून. मी माझं पाकीट न फोडता शेगडीत टाकत असे.

आर्वो लाहतीचं उलट. तो माझा समोरचा शेजारी, माझी मैत्रीण लेम्पी हिचा नवरा. फुकट म्हटलं की त्याचा हात आधी पुढे यायचा. बियाणांच्या दुकानाच्या टोप्या, हार्डवेअरवाल्याच्या मोजपट्ट्या, तीन-तीन कॅलेंडरं. लेम्पी वैतागायची. तो म्हणायचा, "असू दे गं, कधीतरी कामाला येईल." मोजपट्ट्या तेवीस होत्या. मी मोजल्या आहेत.

त्या ऑक्टोबरात तो कार्ड भरूनच खिडकीशी आला. मी नजर टाकली. वारस, लेम्पी लाहती. नात्याच्या रकान्यात त्यानं लिहिलं होतं, 'कॉफी करणारी'.

"आर्वो, हे काय आहे?"

"का? खोटं आहे का?"

"नातं लिहायचंय. बायको लिही."

"बायको ती सगळ्यांनाच असते. कॉफी अशी कुणाची बायको करते, सांग."

"कंपनीवाले हसतील."

"हसू देत की. त्यांनाही फुकटच मिळतंय."

मागे रांगेत चार माणसं होती, ती हसायला लागली. मी पेन त्याच्या हातात कोंबलं आणि ते खोडायला लावलं. त्यानं 'बायको' लिहिलं आणि जाताना मला म्हणाला, "ताइमी, तू नरकात गेलीस ना, तरी तिथं अर्ज तपासत बसशील."

खालच्या चौकटीला मात्र त्यानं हात लावला नव्हता. तेवढी अक्कल होती त्याला.

महिन्याभरानं कंपनीचा माणूस आलाच. डेल्बर्ट नावाचा, दक्षिणेकडच्या शहरातला गोरागोमटा पोरगेला माणूस, पातळ बुटांतला. बाहेर गुडघाभर बर्फ. दिवस नेमका शनिवार. आता शनिवारी आमच्याकडे कुणीही दारात आलं तरी आधी सौना, म्हणजे वाफेची अंघोळ, मग काय ते बोलणं. तळ्याकाठची लाकडी खोली, आत तापलेले दगड, दगडांवर पाण्याचा तांब्या ओतला की अंगातलं हाडन्हाड सुटं होतं. आर्वोनं डेल्बर्टला टॉवेल दिला आणि वरच्या फळीवर नेऊन बसवला. तिसऱ्या तांब्याला डेल्बर्ट दार उघडून जो पळाला तो थेट बर्फात. मग लेम्पीनं त्याला कॉफी पाजली, वेलदोड्याचा पाव खाऊ घातला. मोठा विमा विकायचं तो विसरलाच. फुकटच्या विम्याचं प्रमाणपत्र तेवढं टेबलावर ठेवून गेला. आर्वोनं ते कॅलेंडराच्या खिळ्याला लटकवून टाकलं.

मार्चमध्ये आर्वो गेला.

तोही शनिवारच. तळ्याच्या बर्फावर मासे धरायला जी खोपटी उभी करतात ती मार्चअखेर काढून घ्यावी लागतात, नाहीतर दंड. आर्वो दर वर्षी शेवटच्या दिवशीच जायचा. दुपारी तो पहार आणि बादली घेऊन निघाला, खोपटं घसरगाडीवर ओढून आणायचं म्हणून. लेम्पीनं सौना तापवला. आमचा क्रम ठरलेला होता, आधी आम्ही दोघी, आमचं झालं की तो. तळ्यावरून परत निघाला की तो पहारीनं बादलीवर तीन ठोके द्यायचा. तीन ठोके म्हणजे, येतोय, कॉफी ठेवा. तीस वर्षं हे असंच चाललं होतं. त्यांच्या कुत्र्यालासुद्धा त्या ठोक्यांचा अर्थ माहीत होता.

चारच्या सुमाराला आम्ही वरच्या फळीवर बसलो होतो. तीन ठोके ऐकू आले. स्पष्ट. लेम्पी उठायला लागली.

मी म्हणाले, "बस गं. त्याला खोपटं ओढत यायला अर्धा तास लागेल. बस अजून पाच मिनिटं."

ती बसली. मी दगडांवर आणखी पाणी ओतलं. आम्ही बोलत होतो ते चर्चच्या तळघरातल्या नव्या पडद्यांबद्दल, त्यांचा रंग किती घाण आहे त्याबद्दल. पाचाची पंधरा मिनिटं झाली. मग लेम्पी अंगावर कोट टाकून बाहेर गेली आणि मला तिची हाक ऐकू आली. तसली हाक मी त्याआधी ऐकली नव्हती.

ओहोळ तळ्याला मिळतो तिथं बर्फ कच्चं असतं. आर्वो तिथं पाण्यात पालथा होता. सौनापासून फार तर चाळीस पावलं. पाणी कमरेएवढंच. बादली त्याच्या हाताशी, बुडालेली.

शेरीफचा पोलीस आला, डॉक्टर आले. आर्वोला तपासणीसाठी जिल्ह्याच्या गावी नेलं. पण कशानं गेला ते सगळ्यांना माहीतच होतं. चर्चच्या तळघरात, त्याच घाण पडद्यांखाली, अंत्यविधीनंतरच्या कॉफीला जो येई तो म्हणे, "बुडाला बिचारा." पेपरातही तसंच आलं. कुणीतरी म्हणालं, "कमरेएवढ्या पाण्यात कसा काय?" दुसऱ्यानं उत्तर दिलं, "अहो, गारठ्यानं हातपाय आखडतात. ओरडताही येत नाही. फार तर काहीतरी वाजवता येईल." लेम्पी शेजारीच उभी होती, बशीत पाव घेऊन. ती बशी तिनं खाली ठेवली नाही.

मला मात्र ते लागलं. पाण्यातला माणूस बादली वाजवत होता आणि आम्ही पडद्यांबद्दल बोलत होतो. लेम्पी उठत होती, मी तिला बसवलं. हे वाक्य मी रोज मनात म्हणत असे, भांडी घासताना, नोटा मोजताना. खिडकीशी बसून दोन वेळा माझं मोजणं चुकलं. बावीस वर्षांत ते कधी झालं नव्हतं.

लेम्पी मला काही म्हणाली असती तर बरं झालं असतं. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. पण ती नेहमीसारखी बोलायची, टोमॅटोबद्दल, तिच्या गुडघ्याबद्दल. फक्त सौना बंद. शनिवार आला की ती पडदा ओढून घ्यायची. मी घरी टबात अंघोळ करायची आणि स्वच्छ झाल्यासारखं वाटायचं नाही. जिल्ह्याच्या कचेरीतून तिला पत्र आलं होतं, तपासणीचा अहवाल हवा असल्यास मागवावा म्हणून. ते तिनं फडक्यांच्या खणात तळाशी ठेवलं. मला दाखवून म्हणाली, "नको मला. किती वेळ लागला ते लिहिलेलं असेल त्यात."

जुलैत एकदा तिच्या स्वयंपाकघरात बसले असताना माझी नजर कॅलेंडराकडे गेली. पान अजून मार्चचंच होतं आणि मागून प्रमाणपत्राचा कोपरा दिसत होता.

"लेम्पी, हा विमा. अपघाताचा आहे."

"मग?"

"मग काय मग? बुडणं म्हणजे अपघात. अर्ज करायला हवा."

"बुडण्याचे पैसे? नकोत मला."

"चर्चला दे, कुत्र्याला दे. पण त्यानं सही केली होती. कधीतरी कामाला येईल म्हणायचा ना? तेवढं एक तरी खरं होऊ दे त्याचं."

तिनं माझ्याकडे बघितलं. मला वाटतं, तिला कळलं होतं की हे मी तिच्यासाठी करत नव्हते. मला काहीतरी करायला हवं होतं आणि अर्ज भरण्यापलीकडे मला काही येत नाही.

"तुला बरं वाटणार असेल तर कर," ती म्हणाली.

फॉर्म चार पानी आला. नाव, पत्ता, जन्मतारीख, सगळं मी भरलं. तिसऱ्या पानावर मोठा रिकामा चौकोन होता. अपघात कसा घडला ते आपल्या शब्दांत लिहा. मी पेन टेकवलं आणि थांबले.

"लिही ना," लेम्पी म्हणाली. ती माझ्याकडे पाठ करून सिंकपाशी उभी होती. "लिही, त्यानं बादली वाजवली. तिघांनी ऐकली, दोघींनी आणि कुत्र्यानं. कुत्रं दाराशी गेलं होतं."

कुत्र्याचं मला आठवतच नव्हतं.

"लेम्पी, मीच तुला बसवलं."

"तू म्हणालीस, बस. पण बसले तर मीच ना? माझा नवरा होता तो."

"तू चिडली आहेस माझ्यावर."

"हो," ती म्हणाली. "रोज सकाळी. दुपारपर्यंत स्वतःवर येते."

मी चौकोनात लिहिलं, बर्फ फुटून पाण्यात पडले. ओळ एवढीशी आणि चौकोन भलामोठा. शेवटच्या पानावर, तपासणीचा अहवाल कंपनीनं परस्पर मागवायला हरकत नाही, या ओळीखाली लेम्पीनं न वाचता सही केली. मी पाकीट चिकटवलं आणि मला जरासुद्धा बरं वाटलं नाही.

ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात पिवळी पाकिटं आली आणि खिडकीशी रांग लागली. रांगेत लेम्पी. तिच्या हातात पांढरं पाकीट, त्याच कंपनीचं, न फोडलेलं. तिचा नंबर आला तेव्हा तिनं ते काचेखालून आत सरकवलं.

"तू वाच. माझा चष्मा घरी आहे."

चष्मा तिच्या गळ्यात होता.

मी फोडलं. सुरुवातीला नेहमीचं गोड गोड, आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत वगैरे. मग, 'खेदाने कळवावे लागते की आपला दावा मंजूर करता येत नाही.' माझं डोकंच फिरलं. मी पुढचं वाचलंच नाही. रांगेसमोर तोंड सोडलं, "बघा, बघा हे फुकटे! नवी कार्डं वाटायला लाजत नाहीत आणि मेलेल्या माणसाला नाही म्हणतात. बावीस वर्षं बोंबलतेय मी! लेम्पी, आपण वकील करू. आपण पेपरात देऊ."

"नाही का म्हणतात?" लेम्पीनं विचारलं.

"काय करायचंय कारण? कारणं काय, हवी तेवढी असतात त्यांच्याकडे."

"ताइमी, वाच की पुढे."

मी वाचलं. मोठ्यानं, अजून रागातच, एकेक शब्द आपटत. "'शवविच्छेदन अहवालानुसार सदर व्यक्तीचा मृत्यू हृदयक्रिया अकस्मात बंद पडल्याने झाला असून तो पाण्यात पडण्यापूर्वीच झालेला आहे. फुप्फुसांत पाणी आढळलेले नाही. बुडण्याची कोणतीही लक्षणे नाहीत. सबब हा मृत्यू अपघाती या व्याख्येत...'"

मी पत्रावरून नजर उचलली.

"परत वाच," लेम्पी म्हणाली.

"सबब हा मृत्यू..."

"ते नाही. त्याच्या आधीचं."

मी परत वाचलं. पाण्यात पडण्यापूर्वीच. लेम्पीनं दोन्ही हात खिडकीच्या कडेवर ठेवले होते.

"म्हणजे पाण्यात तो नव्हताच," ती हळूच म्हणाली. "म्हणजे बादली वाजवली तेव्हा उभा होता. बर्फावर, आपल्या पायांवर."

"हो."

"म्हणजे तो बोलवत नव्हता गं आपल्याला. येतोय म्हणत होता. नुसतं, येतोय."

मी पतपेढीच्या खिडकीमागे, अख्ख्या रांगेसमोर, ढसाढसा रडले. पन्नाशीची बाई, आणि नाक पुसायला समोर त्या पिवळ्या कार्डांखेरीज काही नव्हतं. त्यातल्याच एका कार्डानं नाक पुसलं.

लेम्पी रडली नाही. तिनं पत्र घडी करून कोटाच्या खिशात ठेवलं, गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला आणि म्हणाली, "वकीलबिकील काही नको. बरोबर आहे त्यांचं." मग मागच्या बाईला वाट देऊन निघून गेली.

तो बुधवार होता. शनिवारी दुपारी मी ओट्याशी बटाटे सोलत होते. बाहेर पहिलं बर्फ भुरभुरत होतं. आणि मला ते ऐकू आलं. ठण्. ठण्. ठण्.

मी सुरी टाकली. बूट नाही, कोट नाही, घरातल्या सपाता घालूनच धावले. रस्ता ओलांडला, लेम्पीच्या घराला वळसा घातला, उतारावर एकदा पडले, उठले. या वेळी मी एक क्षणही बसले नव्हते, एवढंच डोक्यात होतं.

सौनाच्या धुराड्यातून धूर निघत होता. दारात लेम्पी उभी, एका हातात आर्वोची बादली, दुसऱ्या हातात पहार, अंगाला टॉवेल गुंडाळलेला. माझा अवतार पाहून तिला हसू आवरेना.

"अगं बाई! धावतेस काय? सौना काय पळून चाललाय?"

"मला वाटलं..." मला श्वासच पुरेना.

"मला माहीत आहे तुला काय वाटलं," ती म्हणाली आणि हसायची थांबली. "म्हणूनच वाजवली. किती दिवस घाबरायचं तिला? ये आत, पाय गोठतील."

आम्ही वरच्या फळीवर बसलो. तिनं त्याच बादलीतलं पाणी दगडांवर ओतलं. कुत्रं दाराबाहेर आडवं पडलं होतं. सात महिन्यांनी माझी हाडं सुटी झाली. बऱ्याच वेळानं मी उठायला लागले, बटाटे तसेच पडले होते म्हणून.

लेम्पीनं माझा हात धरला. "बस अजून पाच मिनिटं," ती म्हणाली.

मी बसले.

मग तिच्या स्वयंपाकघरात कॉफी झाली. कॅलेंडर ऑक्टोबरवर आलं होतं. तिच्या टेबलावर नवं पिवळं पाकीट पडलेलं होतं, तिच्या नावाचं. तिनं ते माझ्याकडे सरकवलं, "घ्यावं का गं?"

"वर सही कर. खालची चौकट..."

"खालची चौकट माहीत आहे मला. तू घेतलंस का?"

मी नाही म्हणाले. मग घरी गेले, ओले मोजे बदलले आणि माझं पाकीट शोधलं. शेगडीजवळ होतं, अजून टाकलेलं नव्हतं. बावीस वर्षांत पहिल्यांदा ते फोडलं. नाव, पत्ता, फोन नंबर. येऊ दे कुणी डेल्बर्ट आला तर, शनिवारी बोलावीन. वारसाच्या जागी लिहिलं, लेम्पी लाहती. नात्याच्या रकान्याशी पेन जरा थांबलं.

'कॉफी करणारी', मी लिहिलं. सोमवारी ते कार्ड माझ्याच खिडकीतून गेलं आणि मी ते खोडायला लावलं नाही.